बाहेरची सीट

जर्मनीत विमान उतरलं तेव्हा तू आधी माझी पिशवी काढलीस, मग तुझी. दारातून बाहेर पडलो तर चाकाची खुर्ची घेऊन एक गोरी पोरगी उभी होती, हातातल्या कागदावर माझं नाव. तू तिच्याशी इंग्रजीत बोललीस. मग माझ्याकडे वळलीस, "बसा ताई, तुमचीच आहे," म्हणालीस, आणि भिंतीला हात लावून खाली बसलीस. मला वाटलं चपलेचा पट्टा नीट करून राहिली.

"दम लागून राहिला, ताई," एवढंच तू बोललीस. ओठ निळे पडले होते. मी त्या पोरीला हिंदीत सांगितलं, इसको बिठाओ. तिला शब्द कळले नाहीत, पण हात कळला. माझ्या नावाच्या खुर्चीत तुला बसवलं आणि तुझी मान कलली. मग माणसं धावत आली, तुला परत खाली निजवलं, छाती दाबायला लागली. मी दोन पिशव्या घेऊन उभी. खरं लिहिते शैला, तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं, की दहा माणसं हिच्याभोवती आणि माझ्याकडे बघायला एक नाही.

तू गेल्यावर आपल्या मराठी मंडळाच्या लोकांनी वही आणून दिली. मोठ्या जाऊबाईंनी धाकटीवर चार ओळी लिहाव्यात म्हणे. तू कुठे शिकलीस, रेल्वेच्या ऑफिसात किती वर्षं होतीस, मंडळात कोणती कामं केलीस, ते ती माणसं लिहितील. मी चौथी शिकलेली. मला जे माहीत आहे ते दुसऱ्या कोणाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

मला तुझा हेवा वाटायचा. तू नवी नवरी म्हणून जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत आलीस, त्या दिवसापासून. तू बीए. तुझी पर्स. सकाळी साडेनऊला इस्त्रीची साडी नेसून तू निघायचीस आणि मी तुझ्या पोराचे लंगोट धुवत बसायची. समीरला मी वाढवलं. माझ्या राजूबरोबर एका ताटात जेवला, माझ्या कुशीत झोपला, आणि संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तू दिसलीस की मला सोडून पळत सुटायचा. तुला आई म्हणायचा, मला मोठी आई. मोठी म्हटलं म्हणजे दुसरी, हे मला लवकर कळलं. पुढे तुम्ही विजय नगरला घर बांधलं, आम्ही तिथेच राहिलो. आपले दोघींचे नवरे गेले. समीर कॅनडाला गेला, राजू रिछाईच्या कारखान्यात लेथवर लागला. तू पाच वेळा विमानाने जाऊन आलीस. दर वेळी माझ्यासाठी चॉकलेट आणि स्वेटर. ते स्वेटर मी घातले नाहीत. राजूच्या बायकोला दिले, ती तुझ्यासमोर घालून यायची.

यंदा समीरचा फोन आला. मोठी आई, या वेळी तूसुद्धा ये, नवं घर बघ. मी आठ दिवस गल्लीत सांगत होते की समीरने मला बोलावलं. तुझ्यासमोर तर मुद्दाम सांगत होते. तू म्हणायचीस, "अच्छा? बरं झालं ना, ताई. चलो, आता तिकिटांच्या मागे लागते."

आणि लागलीस. मला वाटायचं विमानाचं तिकीट म्हणजे तिकीट, बसवतील तिथे बसायचं. तू कॅलेंडरच्या पानाच्या मागे पेन्सिलने आख्खं विमान काढलंस. पंख, दारं, संडास, चहा करतात ती जागा. बोट ठेवून सांगायचीस. अगदी पहिली रांग पाय पसरायला बरी, पण तिथे तान्ह्या पोरांचे पाळणे लावतात आणि दोन खुर्च्यांमधला हात वर होत नाही. अगदी शेवटची रांग नको, तिची पाठ मागे कलत नाही, आणि संडासाला थांबलेली माणसं डोक्याशी उभी राहतात. पंखाजवळ हलतं कमी. शेपटीकडे विमान निमुळतं होतं, तिथे तीन-तीनच्या जागी दोन-दोन खुर्च्या येतात, कोणी तिसरा अंगाला लागत नाही. मधे विमान बदलायचं तर दीड तास म्हणजे पळापळ, सात तास म्हणजे कंबर मोडली, तीन-चार तास असले की माणूस तोंड धुऊन चहा पिऊन पुढे जातो. सगळं एकाच तिकिटावर हवं, म्हणजे बॅगा दिल्लीत दिल्या की थेट टोरांटोला. जर्मनीत बदलू, दिवसाचं विमान घेऊ, झोपमोड नको. इतकं तर तू समीरच्या लग्नाच्या वेळीही बोलली नव्हतीस.

एकदा विजय नगरला बोलावलंस आणि बैठकीत जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या. मधे वीतभर अंतर. म्हणालीस, बसून बघा, गुडघे लागतात का. मी बसले. मोलकरीण दारात उभी राहून हसून राहिली होती. मी म्हटलं, "मला काय शाळेत घालून राहिली का?" तू म्हणालीस, "ताई, आठ-नऊ तास बसायचं आहे. घरी चूक झाली तर उठता येतं."

आपलं भांडण झालं ते सीटवरून. तू आधी दोघींना रस्त्याकडेच्या सीट घेतल्या होत्या. मधे वाट, अलीकडे तू, पलीकडे मी. दोघींना वाटेल तेव्हा उठता येईल. तुझ्या पायांच्या शिरा फुगलेल्या, डॉक्टरने तुला सांगितलं होतं की दर तास-दीड तासाने उठून फिरायचंच, घट्ट मोजे घालायचे. हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कोणाला सांगणार नाही. पण मी म्हटलं, "मला परक्या माणसाच्या कोपराशी बसवते आणि आपण मोकळी राहते. एवढं सोबत जायचं कशाला मग?"

तू पान उलटून तारखांवरच दुसरं विमान काढलंस. शेपटीकडची दोन खुर्च्यांची रांग. खिडकी मला, बाहेरची तुला. "तुमची पहिली वेळ आहे, ताई. खिडकीतून ढग दिसतील."

ढग मी लहान पोर आहे का बघायला? मी विचारलं, बाहेरची सीट चांगली का खिडकीची? तू खोटं बोलत नव्हतीस. म्हणालीस, आराम बाहेरच्या सीटला, कोणाला न उठवता जाता-येता येतं. म्हटलं, मग ती मला. थोरली मी.

तू पेन्सिल खाली ठेवलीस. पायाचं एकदा तरी बोलशील असं वाटलं. तू बोलली असतीस तर मी ऐकलं नसतं, हे तुला ठाऊक असणार. "ठीक आहे," म्हणालीस, "पण मला अधूनमधून उठू द्या हो."

आता ती गोष्ट, जी मंडळातल्या कोणाला माहीत नाही.

तुझं लग्न होऊन महिनाभर झाला असेल. राजू माझ्या पोटात होता, सातवा लागला होता. दुपारची मी दाराशी चटई टाकून पडले होते, खोलीत दुसरी जागा नव्हती. तू सासूबाईंसाठी जेवायच्या सुट्टीत घरी आली होतीस, परत जायची घाई होती, आणि तू माझे पाय ओलांडून गेलीस. मी तुला गल्लीतून परत बोलावलं. पोटुशी बाईला ओलांडतात का, थोरलीला ओलांडतात का, हेच शिकवलं का बीएत. तुला तसंच उलटं ओलांडून आत यायला लावलं, म्हणजे लागलेलं उतरतं. मग पाया पडायला लावलं, मग फिरून दुसऱ्या दाराने जायला लावलं. तुला ऑफिसात उशीर झाला, साहेबाने लेखी विचारलं, हे तू मला पुष्कळ वर्षांनी हसत सांगितलंस. मला तेव्हा बरं वाटलं होतं. बीए झालेलीला मी काहीतरी शिकवलं होतं.

त्यानंतर तू कधी कोणाला ओलांडलं नाहीस. मी आडवी पडलेली असले की पायाशी उभी राहायचीस आणि हातातल्या बांगड्या हलकेच वाजवायचीस. तोंडाने उठवायचं नाही, हात लावायचा नाही, नुसत्या बांगड्या. मी पाय आवरून घ्यायची आणि तू जायचीस. घर वेगळं झालं तरी तुझी सवय गेली नाही. विजय नगरला तुझ्याच घरात, तुझ्याच सोफ्यावर मी लवंडले, तरी तू बांगड्या वाजवून जायचीस.

विमानात जेवण झालं आणि त्यांनी भर दिवसा खिडक्यांची झाकणं ओढून अंधार केला. तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हा मी उठले. दुसऱ्यांदा उठले, पण पुटपुटले. तू म्हणालीस, तुम्हीपण चला, पाय मोकळे होतात. मी म्हटलं, मला मांडी घालून बसायची सवय आहे, मी तुझ्यासारखी मॅडम नाही. तू मागे गेलीस आणि तिथल्या पोरींशी इंग्रजीत बोलत उभी राहिलीस. त्या हसत होत्या. तुझ्या बोलण्यावर, तुला नाही. मी मान वळवून बघत होते. आपल्या वयाची बाई, केस पिकलेले, तरी त्या पोरी तिच्याशी बरोबरीने हसतात. माझ्याकडे त्यांनी फक्त ट्रे सरकवला होता. तू येताना माझ्यासाठी संत्र्याचा रस आणलास. मी प्यायले नाही.

मग मी पाय लांब केले, शाल ओढली, डोळे मिटले. थोड्या वेळाने बांगड्या वाजल्या.

शैला, मी जागी होते.

मनात आलं, हिला बसू दे. एकदा तरी हिला अडू दे. जन्मभर ही उठून जाते आणि मी बसून राहते, आज बाहेरच्या सीटवर मी आहे. पुन्हा बांगड्या वाजल्या, अगदी हलक्या. मी श्वास लांब घेतला, झोपल्यासारखा. तिसऱ्यांदा वाजल्या का ते मला सांगता येत नाही, कारण तोवर खरंच डोळा लागला होता. जाग आली ती झाकणं उघडली आणि चहा आला तेव्हा. चार तास तरी झाले असतील. तू खिडकीतून खाली बघत होतीस.

"झोप झाली?" तू विचारलंस.

"मला उठवायचं ना."

"तुम्ही इतक्या शांत पडल्या होत्या. कसं उठवू?"

तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटतं. मी झोपले की घोरते. साऱ्या गल्लीला माहीत आहे. अकरा वर्षं तुझ्या-माझ्या मधे एक पडदा होता, तुझा नवरा सकाळी माझ्या घोरण्याची नक्कल करायचा. तू शांत म्हणालीस. म्हणजे तुला कळलं होतं. बांगड्या वाजवताना समोरची बाई झोपलेली नाही हे तुला कळलं होतं, आणि तरी तू ओलांडलं नाहीस, खांद्याला हात लावला नाहीस, ताई ढोंग करू नका म्हणाली नाहीस. त्या पोरींतली एक वाटेने जात असेलच, तिला एक शब्द सांगितला असतास तरी तिने मला हलवलं असतं. काहून नाही सांगितलं? एवढी शिकलेली तू. पाय ठणकत असेल, डॉक्टरचं आठवत असेल. एवढा मान द्यायचा कोणी सांगितला होता? मी सांगितला होता. पण माझं सगळंच कुठे ऐकत होतीस तू?

हे भांडण मला तुझ्याशी करायचं आहे आणि तू नाहीस. नेहमीसारखी उठून गेलीस.

तिथल्या डॉक्टरने समीरला फोनवर समजावलं, समीरने मला. पायात रक्ताची गाठ झाली, उभं राहिल्यावर ती सुटून छातीत गेली. समीर म्हणाला, मोठी आई, असं कोणालाही होतं, ती दर तासाला फिरली असती तरी झालं असतं कदाचित. तो परका डॉक्टर आणि तो पोरगा, दोघांनाही सीटचं काही माहीत नाही. मी हो म्हटलं.

समीरचा नंबर त्या लोकांना मिळाला तो तुझ्यामुळेच. माझ्या पर्समध्ये तू एक पुठ्ठा घातला होतास. एका बाजूला मोठ्या अक्षरात माझ्यासाठी हिंदी, दुसऱ्या बाजूला त्यांच्यासाठी इंग्रजी. या बाईंना हिंदी आणि मराठी येतं, साखरेची गोळी सकाळी, मुलाचा फोन नंबर हा. मुलाचा म्हणून तू समीरचा नंबर लिहिला होतास. पुतण्या नाही लिहिलंस. मी तो पुठ्ठा निघताना फेकणार होते, हरवायला मी काय गाय आहे म्हणून. तो दाखवला आणि त्यांनी मला बसवलं, हिंदी येणारा एक सफाईवाला भैया शोधून आणला, चहा दिला. तुझ्या स्वतःच्या पर्समध्ये असा पुठ्ठा नव्हता. तुझी माहिती सांगायला मी होते ना.

समीर दुसऱ्या दिवशी आला. मला मिठी मारून रडला. इतक्या वर्षांनी गल्लीच्या तोंडाशी तू नव्हतीस आणि तो सरळ माझ्याकडे आला. मला त्यातही बरं वाटलं, थोडंसं. मग त्यानेच सांगितलं. "आई म्हणाली होती, ताई येत असतील तरच मी येते. आधी त्यांना फोन कर, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नको."

म्हणजे बोलावणंही तुझंच होतं. आठ दिवस मी तुझ्याच तोंडावर मिरवत होते आणि तू अच्छा, अच्छा करत होतीस. मला इतका राग आला की मी रडले. समीरला वाटलं, तुझ्यासाठी. होतं ते तुझ्यासाठीच. पण राग होता.

तुला घरी न्यायचे कागद व्हायला पाच दिवस लागले. ज्या विमानाने तुला आणलं त्यातच आम्ही होतो, तू खाली, आम्ही वर. समीरने घाईत मिळाल्या त्या सीट घेतल्या. त्याला त्यातलं काही कळत नाही, तूच सगळं करत होतीस. अगदी शेवटची रांग. पाठ मागे कलत नव्हती आणि माणसं डोक्याशी येऊन उभी राहत होती. तू सांगितलं होतंस तसंच. मी आत खिडकीशी, समीर बाहेर. पाच दिवसांचा जागा, तो बसल्या बसल्या झोपला, पाय वाटेत टाकून.

मी तासभर बसून राहिले. माझ्या हातात बांगड्या नाहीत, नवरा गेल्यावर तुझ्यासारख्या मी ठेवल्या नाहीत. समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले आणि समीरला ओलांडून गेले. ज्याला मी कधी कोणाला ओलांडू दिलं नाही, रांगता होता तेव्हा राजूने उडी मारली तर राजूला मारलं होतं, त्याला. मागच्या पडद्यापर्यंत गेले, त्या पोरींसमोर दोन-तीन फेऱ्या मारल्या. त्यांनी मला पाणी दिलं. मी थँक्यू म्हटलं. मग आले तशी त्याच बाजूने, उलटं पाऊल टाकून त्याला परत ओलांडलं आणि बसले. दिल्लीपर्यंत दर तासाला असंच केलं. तो एकदाही जागा झाला नाही. इतकं सोपं होतं ते.

तुझं क्रियाकर्म आपल्या ग्वारीघाटावर झालं. तुझे घट्ट मोजे आणि कॅलेंडरचं ते पान समीरने मला दिलं. पानाच्या एका बाजूला पहिलं विमान आहे, मधे वाट, दोन्हीकडे एकेक सीट, एकीवर तू 'ताई' लिहिलंस आणि एकीवर 'मी'. माझ्या पायांना सूज येते, मोजे मी घालते. ते मी राजूच्या बायकोला दिले नाहीत.

मंडळाची माणसं म्हणतात, या वयात, परदेशात, एकट्या बाईने किती धीराने सांभाळलं. मी ऐकून घेते. जबलपूरहून आपण दोघी निघालो होतो. तू खिडकीशी बसली होतीस, बाहेरच्या सीटवर मी होते. परत मी आले.